चिमट्यातून गेलेली चकती

आमच्या बागेच्या मागच्या अंगाला जे रान आहे, तिथे लोखंडी टोपल्या ठोकतायत हे कळलं तेव्हा मी चहा अर्धा टाकून उठले. झाडांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. बागेच्या साहेबांना हे चांगलं ठाऊक आहे. मी फाटकातून आत शिरले की ते मागच्या दाराने जेवायला जातात, मग नुकती न्याहारी झालेली का असेना.

झाडांना खिळे मारून नंबरांच्या पाट्या लावल्या होत्या. ते खिळे मी काढायला लावले, एकेक करून, समोर उभी राहून. आज त्या पाट्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर आहेत आणि त्या माझ्यामुळे तिथे आहेत, हे सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. टोपल्या मात्र मी राहू दिल्या. ‘ताई, तुम्ही आणि माघार?’ असं लोक विचारतात. माघार वगैरे काही नाही. मी एका बाईला चकती फेकताना पाहिलं, एवढंच.

तिला सगळी बाग वहिनी म्हणते. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी, तिच्या नणंदेची. पण ती नणंद रानभर ‘वहिनी, अगं वहिनी, इकडे पडलीय’ असं ओरडत फिरते, त्यामुळे सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं. निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका तिच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठे, तेही तिला वहिनीच म्हणतात. नणंदेला ती ‘वन्सं’ म्हणते, म्हणून बाग नणंदेलाही वन्सं म्हणते. घरातली नाती उचलून अख्ख्या बागेने वापरायला काढली, आणि दोघींनी कधी हरकत घेतली नाही.

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. इथे सगळे ‘चकत्या खेळणं’ म्हणतात. सिमेंटच्या छोट्या ओट्यावर उभं राहायचं, जेवणाच्या ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकायची, आणि ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकत फेकत लांबच्या टोपलीत घालायची. टोपलीवर साखळ्या लोंबत असतात. चकती त्यांच्यावर आदळली की खाली टोपलीत पडते. जितक्या कमी फेकी तितकं चांगलं. मोकळ्या मैदानात हे कुणालाही जमेल. पण इथे ओटा आणि टोपली यांच्या मध्ये उभी असतात झाडं, उंच, सरळसोट, शेवाळलेली. आणि झाडं कुणाच्या बापाला जागा देत नाहीत.

पहिल्या दिवशी मी अशाच एका झाडाच्या खोडाला हात लावून खिळ्याचं भोक तपासत होते. मागून आवाज आला.

“ओ बाई, झाडाबरोबर फोटो काढायचाय का? बाजूला व्हा!”

“ही सार्वजनिक बाग आहे,” मी म्हटलं.

“म्हणून तर सांगतेय. चकती पण सार्वजनिक आहे, डोकं बघून थांबत नाही.”

मी तोंड उघडलं होतं, कारण असलं ऐकून गप्प बसायची मला सवय नाही. पण तेवढ्यात तिने फेकली.

चकती तिच्या हातातून सुटली ती टोपलीकडे निघालीच नव्हती. ती सरळ उजवीकडच्या दाट झाडीत घुसायला चालली होती. गेली, मी मनात म्हटलं, बरं झालं. मग भिंतीसारख्या उभ्या खोडांच्या अगदी जवळ जाऊन ती कलली, जणू आत कुणीतरी झोपलंय हे तिला दारातच समजलं, आणि डावीकडे वळायला लागली. वळता वळता उन्हाच्या एका पट्ट्यातून गेली तेव्हा लालभडक पेटली, पुढच्या सावलीत विझली, पुन्हा पेटली. कुठल्याही पानाला तिचा धक्का लागला नाही. दोन झाडांमधून, तिसऱ्याच्या मागून, मला दिसतही नव्हती अशा वाटेने ती गेली आणि लांब कुठेतरी पाचोळ्यावर अलगद उतरल्याचा आवाज आला. त्या रानात मी लहानपणापासून फिरतेय. त्याच्या पोटातून अशी एक वाट जाते हे मला तोवर माहीत नव्हतं.

“मिटवा आता,” वहिनी म्हणाली.

“काय?”

“तोंड. डास जातील.”

ही बाई नम्र वगैरे अजिबात नाही. चांगली फेक झाली की पुढच्या तीन टोपल्या तिचं कौतुक ती स्वतःच करते. वाईट झाली की झाडाला शिव्या घालते. मी एकदा चिडून म्हटलं, “झाडाला शिव्या द्यायच्या नाहीत.” तर म्हणाली, “मग तुम्हाला देऊ? तुम्ही पण मध्ये मध्येच येता.” भांडणात माझा हात धरणारं माणूस मला क्वचितच भेटतं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग जातच राहिले.

वहिनी मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. एकदा मी तिथे गेले, कामगार बायकांच्या हातमोज्यांचा प्रश्न होता. तळघरात धुण्याची मोठमोठी पिंपं घरघरत फिरत होती, वाफेने भिंती घामेजल्या होत्या, आणि मध्ये एक लांबच लांब टेबल. टेबलाच्या या टोकाला वहिनी. तिने गोळा झालेली ओली-सुकी चादर उचलली, दोन कोपरे चिमटीत धरले आणि मनगटाला एक झटका दिला. चादर हवेत उघडली. अख्ख्या खोलीवर पांढरं छप्पर आल्यासारखं झालं, क्षणभर वाफसुद्धा त्याच्याखाली थांबली, आणि चादरीची पलीकडची कड नेमकी समोरच्या मुलीच्या डोक्यावर जाऊन पडली.

“हात वर, हात! डोक्याने घड्या घालणारेस का?” वहिनी ओरडली.

तिच्या फेकीतला तो झटका कुठून आला, हे मला तिथे दिसलं. हजारो चादरींनी घडवलेलं मनगट होतं ते. मी दाराशी उभी राहून कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. हातमोज्यांचं भांडण करायचं शेवटी आठवलं, आणि केलं, आणि हातमोजे आले, हेही सांगून ठेवते.

ती समोरची मुलगी नवीन होती. त्या जागेवर आधी सगळं आयुष्य वन्सं उभ्या होत्या. वन्संनीच वहिनीला लग्नानंतर या कामाला आणलं. वन्संचा स्वतःचा संसार मोडला तेव्हा त्या लहान मुलाला घेऊन भावाच्या घरी परत आल्या. पुढे भाऊ गेला आणि दोन खोल्यांत दोन बायका आणि एक पोर उरलं. पोर दोघींनी वाढवलं. आई रागावली की मामीमागे लपायचं, मामी रागावली की आईमागे. आता तो दुसऱ्या शहरात नोकरीला आहे.

मग वन्सं लाँड्रीच्या ओल्या फरशीवर घसरल्या, उजव्या खांद्यावर पडल्या. हाड जुळलं. पण बांधून ठेवलेला खांदा आखडला तो आखडलाच. कोपराखाली हात शहाणा, वर निव्वळ लाकूड. त्यांना कोपऱ्यात बसवून पेशंटच्या झग्यांना नाड्या शिवायचं काम दिलं. “बसून काम,” हे शब्द वन्सं असे उच्चारायच्या जसं एखादीने ‘चोरी’ म्हणावं. डॉक्टर म्हणाले, आता फक्त हलवायचं राहिलंय, दुखेल, पण हलवा. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या. वन्सं म्हणाल्या, “मी काय पाल आहे?” आणि तो विषय तिथेच संपला. सकाळी त्यांची वेणी वहिनी घालायची.

रानात त्या चकती फेकत नसत. पुढे जाऊन टोपलीपाशी उभ्या राहायच्या, चकती कुठे पडते त्यावर नजर ठेवायला. डावा हात उजव्या कोपराखाली आधाराला, जणू कुणाचं तरी मूल सांभाळायला घेतलंय.

मुलगा आईला बोलवत होता. वन्संचं जायचं ठरत आलं होतं. हे मला वहिनीकडून कळलं नाही, कारण तिने तो विषय कुणापाशी काढला नाही. मला कळलं ते एका रविवारी सकाळी, बाराव्या ओट्यापाशी.

बाराव्या ओट्याचं नाव चिमटा. ओट्यापासून थोड्या अंतरावर दोन जुनी झाडं इतकी शेजारी शेजारी उभी आहेत की त्यांच्यामधून मी आडवी होऊनच जाते. चकती त्यांच्यामधून गेली तरच पुढे मोकळी वाट; नाहीतर सगळं रान अंगावर. चिमट्यातून जाऊन दोन फेकीत टोपली, हे आमच्यात कुणालाच कधी जमलेलं नव्हतं. ड्रायव्हरकाका म्हणतात, “एवढ्या बोळातून मी बससुद्धा काढली असती, पण चकती नाही.”

वन्सं पुढे निघाल्या होत्या. दोन पावलं जाऊन थांबल्या आणि मागे न बघताच म्हणाल्या, “वहिनी, त्याला आज कळवते मी. महिनाअखेर येते म्हणून.”

“कळवा की.”

“तुझं काही म्हणणं?”

“माझं कसलं म्हणणं? तुमचा मुलगा, तुम्ही आई. मी कोण?”

“असं तोंड वाकडं करून नको बोलू.”

“तोंड माझं असंच आहे, तुमच्या भावाने पसंत केलं होतं.”

ड्रायव्हरकाका चकत्या पुसायला लागले, पुसलेल्याच. मीही झाडाकडे बघितलं. वहिनी कुणालाही काहीही बोलू शकते, पण ‘राहा’ हा एवढासा शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता. नवऱ्याची बहीण. नवरा नाही. कुठल्या हक्काने अडवायचं?

“तिथे काय करणार तुम्ही?” शेवटी तिने विचारलं.

“इथे काय करते? नाड्या शिवते, आणि तुझ्याकडून वेणी घालून घेते. त्यापेक्षा त्याच्या घरी पडून राहीन. खाट आणलीय त्याने.”

“पडून राहायला खाट! वा!” वहिनीचा आवाज चढला. मग ती ओट्यावर चढली आणि लाल चकती उचलून म्हणाली, “पैज लावा. दोन फेकीत घातली तर राहायचं. नाही घातली तर जा, मी स्वतः गाडीत बसवून देते.”

“चिमट्यातून? दोनमध्ये?” वन्सं हसल्या. “वेडी आहेस का? सरळ जा म्हण ना.”

“लावता का नाही?”

“लावली,” वन्सं म्हणाल्या, आणि हात सांभाळत टोपलीकडे चालू लागल्या.

मला हे पसंत नव्हतं. माणसाचं राहणं-जाणं असं टोपलीत घालायचं असतं का? मी तसं म्हणणारही होते. पण वहिनीचा चेहरा बघितला आणि मी, जिला कुणी गप्प करू शकत नाही ती, गप्प राहिले.

रात्रीच्या धुक्याने खोडं अजून ओली होती आणि वरून ऊन तिरकं उतरत होतं, एकेक किरण वेगळा मोजता यावा असं. एक सुतार पक्षी कुठेतरी ठोकत होता, तोही थांबला. वहिनीने पाय रोवले, पाठ वळवली आणि तो चादरीचा झटका दिला.

चकती चिमट्यातून गेली.

कशी गेली, हे मला विचारू नका. जवळ गेल्यावर ती किंचित उभी झाली, जत्रेच्या गर्दीतून एखादी बाई खांदा पुढे घालून निघते तशी, आणि पलीकडे जाऊन पुन्हा आडवी झाली. दोन्ही झाडांच्या शेवाळाला ओरखडासुद्धा नाही. ड्रायव्हरकाकांनी हळूच टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. आम्ही देवळात चालावं तसे चालत पुढे गेलो. चकती मोकळ्या वाटेच्या मधोमध पडली होती. तिथून टोपली लांब होती, पण दिसत होती. मध्ये फांद्यांची एक बसकी खिडकी, आणि टोपलीला लागूनच वन्सं, उभ्या, कोपराला आधार देऊन.

वहिनीने चकती उचलली, पुसली आणि खिडकीतून सोडली. आणि सोडता सोडता ओरडली, “धर!”

मैदानावर चकती कुणाच्या दिशेने गेली की ‘सांभाळा’ ओरडायचं असतं. ‘धर’ कुणी ओरडत नाही. हा लाँड्रीतला शब्द. घरी, बागेत, भांडणात, वहिनी नणंदेला ‘तुम्ही’ म्हणते, लग्नाच्या दिवसापासून. फक्त त्या टेबलावर नाही, कारण ‘धरा’ म्हणेपर्यंत चादर खाली पडते. तिथे चादर उडायची आणि शब्द जायचा, धर, आणि समोरचे हात वर जायचे. वर्षानुवर्षं. त्या एकेरी हाकेला वन्संनी डोक्याने कधी उत्तर दिलंच नव्हतं, हातांनीच दिलं होतं.

चकती टोपलीच्या तोंडाशी आली होती. आणि वन्संचा उजवा हात वर गेला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, डोक्याच्याही वर, पूर्ण लांब, आणि त्याने साखळ्यांच्या अगदी पुढ्यात चकती पकडली.

सगळं रान थांबलं. मी मोर्चे पाहिलेत, रस्ता भरून माणसं एकदम खाली बसलेली पाहिलीत, त्यांची शांतता ऐकलीय. ही तशी नव्हती. त्या तिरक्या उन्हात एक पिकल्या केसांची बाई उभी, तिचा मेलेला हात झाडासारखा सरळ वर, आणि टोकाला लाल चकती. वन्सं स्वतःच्या हाताकडे मान वर करून बघत होत्या, तो दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखं.

मग बारीक आवाजात म्हणाल्या, “वहिनी, दुखतंय गं.”

“दुखणारच.”

“खाली घेऊ?”

“घ्या ना.”

“आणि परत वर नाही गेला तर?”

वहिनी पळत निघाली होती, ती मध्येच थांबली. ड्रायव्हरकाका टोपी हातात धरून उभे. वहिनी म्हणाली, “मग राहू दे तसाच. मी खालून वेणी घालीन.”

वन्सं हसल्या आणि हसता हसता हात खाली आला. त्या कळवळल्या, खांदा धरून वाकल्या, एक सणसणीत शिवी दिली. मग सरळ झाल्या आणि आमच्या देखत तो हात पुन्हा उचलू लागल्या. खांद्यापर्यंत आला. तिथे थांबला. पुढे जाईना.

“एवढाच,” त्या म्हणाल्या.

“काल एवढा पण नव्हता,” वहिनी म्हणाली.

मी डोळे पुसले. धुकं होतं, तुम्ही काहीही समजा.

मग वन्संना पैज आठवली. “आत चालली होती का गं?”

“वरून जात होती,” वहिनी म्हणाली.

“खोटं! थेट साखळीत येत होती, मी समोर होते. काका, सांगा.”

ड्रायव्हरकाकांनी माझ्याकडे बोट केलं. “ताईंना विचारा. निकाल द्यायला त्यांना आवडतं.”

खरंच आवडतं. पण मी चकतीकडे बघतच नव्हते, हाताकडे बघत होते. “मला नाही दिसली,” मी म्हटलं, आणि हे वाक्य माझ्या तोंडून किती वर्षांनी निघालं ते मला आठवत नाही.

“मग नियम काय?” वन्संनी विचारलं.

“मध्ये कुणी पकडली तर पुन्हा फेकायची,” काका म्हणाले.

वहिनी म्हणाली, “राहू द्या तो नियम.” वन्संनी तिला चकती नेऊन दिली, उजव्या हाताने. “फेक. पैज म्हणजे पैज. माझ्यामुळे जिंकलीस असं नको.”

वहिनीने फेकली. या वेळी तोंड घट्ट मिटून. चकती खिडकीतून गेली, साखळ्यांवर आदळली, साखळ्या खणखणल्या, सगळ्या रानभर तो आवाज घुमला, आणि आत पडायच्या ऐवजी ती बाहेर पाचोळ्यात पडली. बागेतला कुठलाही खेळाडू सांगेल, साखळ्या कधी कधी थुंकतात.

वहिनी टोपलीपर्यंत चालत गेली. चकती उचलून हातात फिरवत राहिली. “हरले,” म्हणाली. “कळवा त्याला.”

“कळवते,” वन्सं म्हणाल्या. “येते म्हणून कळवते. पण हा हात पूर्ण वर गेल्यावर. लुळा हात घेऊन मी पोराच्या दारात जाणार नाही.”

“तिथे पण भिंती असतील की, बोटं चालवायला.”

“भिंत काय ‘धर’ म्हणते?”

वहिनीने मान फिरवली. ती चिमट्याकडे बघायला लागली, जसं तिथे काही बघण्यासारखं नव्याने उगवलंय.

“मग नीट कर तो,” ती म्हणाली. “नीट, पण हळूहळू. घाई करू नकोस.”

“करू नकोस?” वन्संनी भुवया उचलल्या. “आता बाहेर पण एकेरी?”

“चालत नसेल तर सांगा.”

“मी कुठे काय म्हटलं?”

मागे बाराव्या ओट्यावरून कुणीतरी ओरडलं की पुढे व्हा, आम्ही थांबलोय. वहिनीने तिकडे तोंड करून त्यांना त्यांची लायकी सांगितली. मग दोघी पुढच्या टोपलीच्या वाटेला लागल्या, वहिनी तावातावाने बोलत, आणि वन्सं आपला उजवा हात, आता कसल्याही आधाराशिवाय, दर काही पावलांनी थोडासा वर उचलून बघत.